ओलं फडकं

आमच्या लेकीला मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली. प्रयोगशाळेतलं काम. सहा महिने झाले नाहीत तोच तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. तिच्या पाळीत कुणाला काही इजा झाली तर प्रथमोपचार करणारी व्यक्ती म्हणून तिचं नाव फलकावर लागलं. त्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण, दुपारी जेवणाचं पाकीट आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र तिनं घरी आल्या आल्या फ्रिजच्या दाराला चिकटवलं आणि म्हणाली, "घे आई, आता मी अर्धी डॉक्टर."

सासूबाई तिथंच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय काय शिकवलं ते तर सांग."

लेकीनं सांगितलं. पुतळ्याची छाती तीस वेळा दाबायची, मग दोन श्वास द्यायचे. रक्त वाहत असेल तर दाबून धरायचं. भाजलं तर त्यावर पेस्ट-बिस्ट लावायची नाही, गार पाण्याखाली धरायचं. आग विझवायच्या नळकांड्याची पिन कशी काढायची.

"आणि वायू सुटला तर?"

"त्याची चित्रफीत होती आजी, पण वेळ संपला. सही मात्र घेतली."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मटाराच्या शेंगा तशाच ताटात ठेवून आत गेल्या. आमच्या घरात आणि बहुतेक भोपाळच्या घरांत हा प्रश्न साधा नसतो. इथली जुनी माणसं सालं मोजतात तीही 'गॅसकांडाच्या आधी' आणि 'गॅसकांडाच्या नंतर' अशी.

मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. त्याचा संसारात उपयोग काय, असं मला पुष्कळांनी विचारून झालंय. एक उपयोग आहे. कुठलीही गोष्ट खटकली की तिचा मागचा कागद काढून बघायची खोड लागते. म्हणून मी हा प्रमाणपत्राचा कागद मुळात आला कुठून ते शोधायला बसले.

तो आला 1948 च्या कारखाना कायद्यातून. त्याचं 45 वं कलम वाचायला अगदी सोपं होतं. दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी किंवा कपाट हवं होतं, त्यात ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरं काही ठेवायचं नाही, आणि प्रत्येक पेटी एका वेगळ्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी होती. त्या माणसाकडे राज्य सरकारनं मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र पाहिजे होतं आणि कामाच्या वेळेत तो सदैव हाताशी पाहिजे होता. पाचशेहून जास्त कामगार असतील तर निराळी खोली, तिथं डॉक्टर आणि परिचारिका. 'दुसरं काही ठेवायचं नाही' हे वाचून मला हसू आलं. ज्यानं हे लिहिलं त्याला आपल्या लोकांची चांगली माहिती असणार. आमच्या घरच्या पेटीत शिवणाचं सामान, विजेचं बिल आणि एक जुनी किल्ली आहे.

पण या कलमाच्या मागे जावं तर वाट मुंबईच्या परळला जाते. 1881 साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना तो लागू होता, सात वर्षांखालच्या पोरांना कामाला लावू नये एवढी त्याची दया. यंत्राला कुंपण घाला, अपघात झाला तर कळवा, हेही त्यात होतं. त्यानंतर तीन वर्षांनी, 1884 च्या सप्टेंबरात, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना परळला एकत्र केलं आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारनं नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. शाळेत आम्हाला लोखंडे म्हणजे रविवारची सुट्टी एवढंच शिकवलं. ती सुट्टी मिळाली 1890 साली. पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर असताना जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. साच्यात बोटं गेलेली माणसं त्या सह्या करणाऱ्यांनी रोज बघितलेली असणार. कित्येकांनी सहीच्या जागी अंगठा उठवला असेल.

पट्टी कशी बांधायची, मोडलेल्या हाडाला फळी कशी लावायची, हे साध्या माणसांना शिकवायचे वर्ग तिकडे इंग्लंडात साधारण याच सुमाराला सुरू झाले होते. 1877 साली तिथं सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली. तिची प्रमाणपत्रं पुढे आपल्याकडेही चालू लागली.

या सगळ्यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कायद्याच्या डोळ्यांपुढे जखम होती ती यंत्राची. हात कापला, डोळ्यात कण गेला, वाफेनं भाजलं. अशा जखमेला पेटी पुरते. अपघात आत होतो, जखमी माणूस आतला असतो आणि कुंपणाच्या भिंतीशी कायदा संपतो. भिंत ओलांडून बाहेर जाणाऱ्या अपघाताचा विचार त्यात नव्हता. तसा इशारा मुंबईनं 14 एप्रिल 1944 ला मिळवला होता. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाला आग लागली. त्याच जहाजात शेकडो टन स्फोटकं होती. धोक्याचा माल आहे हे दाखवणारं लाल निशाण जहाजानं लावलेलं नव्हतं. अग्निशमन दलाचे लोक पाणी मारत राहिले आणि 66 जवान गेले. आजही 14 एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. युद्धाचे दिवस होते म्हणून असेल, पण 1948 च्या कायद्यात त्या स्फोटाचा धडा उमटलेला मला तरी दिसत नाही.

आता भोपाळकडे येते.

माझे सासरे नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली, आणि नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या पेट्यांमागोमाग इकडे आली. 1984 साली आमचं घर कोटरा सुल्तानाबादेतच होतं. युनियन कार्बाइडचा कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेला. मधे सगळं जुनं शहर आणि तलाव. मी तेव्हा कारंजा लाडला शाळेत होते, रेडिओवर ऐकलं तेवढंच. लग्न होऊन इथं आले ती 1993 साली.

त्या कारखान्यानं सूचना दिली नव्हती असं नाही, फक्त ती ऐकणाऱ्याला कळेल अशी दिली नव्हती. 1981 च्या डिसेंबरात नळ्यांची दुरुस्ती करताना अश्रफ खान या कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडालं. घाबरून त्यानं तोंडावरचा मुखवटा काढला आणि उरलेला वायू छातीत गेला. दोन-तीन दिवसांत तो गेला. फॉस्जीनचा कावा असा की माणूस आधी बरा दिसतो, चालतो-बोलतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून ज्याला लागलं त्याला बरं वाटत असलं तरी झोपवून ठेवायचं, नजरेखाली ठेवायचं, हाच त्यावरचा प्रथमोपचार. पुढच्याच महिन्यात पुन्हा गळती झाली आणि चोवीस कामगार दवाखान्यात गेले. 1982 च्या मे महिन्यात अमेरिकेहून आलेल्या तज्ज्ञांनी कारखाना तपासला. त्यांच्या अहवालात झडपा, मापकं यांच्याबरोबर एक बाब माणसांची होती. यंत्रं चालवणारे लोक इथं टिकत नाहीत, सतत बदलतात. पुढे खर्च कमी करायला मिक विभागातल्या पाळीत बाराच्या जागी सहा माणसं ठेवली. इथले पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात 1982 पासून शहराला सावध करत होते. 1984 च्या जूनमध्ये त्यांनी 'जनसत्ता'तही लिहिलं. वाचलं असेल काहींनी. आमच्या सासऱ्यांनी वाचलं नव्हतं.

मिक म्हणजे मिथाइल आयसोसायनेट. 39 अंशांना उकळतं, म्हणून थंड ठेवावं लागतं. ते थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा नळी दुरुस्तीसाठी तोडलेला होता. 2 डिसेंबरच्या रात्री 610 नंबरच्या टाकीत पाणी गेलं. ते कसं गेलं यावर कंपनीचं म्हणणं एक आणि कामगारांचं दुसरं, त्यात मी शिरत नाही. टाकीतलं मिक तापलं आणि चाळीस टनांच्या आसपास वायू मध्यरात्रीनंतर शहरावर उतरला.

भोंग्याची गोष्ट मात्र सांगायला हवी. बाहेरच्या लोकांना ऐकू जाणारा मोठा भोंगा वाजला आणि थोड्याच मिनिटांत बंद केला गेला. आतल्यांसाठीचा हलका भोंगा चालू राहिला. लहानसहान गळतीनं वस्तीत उगाच घबराट नको, म्हणून दोन भोंगे वेगळे करून ठेवलेले होते. मोठा भोंगा पुन्हा वाजला तो रात्री दोनच्या पुढे. तोपर्यंत जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प, रेल्वे कॉलनी इथली माणसं खोकत उठून पळत सुटली होती. आणि वाजून तरी काय? हा भोंगा वाजला तर काय करायचं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. काहींना वाटलं आग लागली, विझवायला चला. ते कारखान्याकडे धावले.

आतल्या कामगारांना काय करायचं ते ठाऊक होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघायची, वारा जिकडून येतो तिकडे जायचं, तोंडाला ओलं फडकं धरायचं. त्या रात्री पाळीवर असलेले जवळजवळ सगळे त्यामुळे वाचले. भिंतीपलीकडच्या बाईला यातलं एकही माहीत नव्हतं. ती वायूच्या बरोबरीनं, त्याच दिशेनं पळाली. पळताना माणूस मोठे श्वास घेतो. वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत राहणारा, म्हणजे पोरांच्या उंचीवर. मिकचा पाण्याशी चटकन संयोग होतो. टाकीत त्याच गुणानं घात केला, पण नाकावर धरलेल्या ओल्या कापडात त्याच गुणानं बराचसा वायू अडला असता. दार-खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून आत पडून राहिले असते तरी पुष्कळ जण जगले असते, असं पुढे अनेकांनी लिहिलंय.

हमिदिया रुग्णालयात तेव्हा काय चाललं होतं ते इथल्या डॉक्टरांच्या तोंडून नंतर बाहेर आलं. माणसं हजारोंनी येत होती आणि वायूचं नाव कुणाला माहीत नव्हतं. कारखान्याच्या डॉक्टरांना विचारलं तर उत्तर मिळालं की हा अश्रुधुरासारखा डोळे झोंबवणारा वायू आहे, पाण्यानं धुवा. पाण्याचा सल्ला तेवढा बरोबर होता. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा चेरीसारखा लाल रंग दिसला. त्यांना सायनाइडचा संशय आला, आणि सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन द्यावं की नाही यावर वाद सुरू झाला तो कितीतरी वर्षं चालला. मेलेल्यांचा सरकारी आकडा आधी 2,259 होता. पुढे तो वाढत गेला आणि संघटना सांगतात तो त्याच्या कितीतरी पट आहे.

त्या रात्री स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर होते. फलाटावर उभी असलेली गोरखपूरची गाडी त्यांनी वेळेआधी सोडायला लावली आणि बाकीच्या गाड्या भोपाळला येऊ नयेत म्हणून शेजारच्या स्टेशनांना कळवलं. हे त्यांना कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. पण रेल्वेत एक शिस्त होती. धोका दिसला तर आधी पुढच्याला कळवा. कारखान्यात त्या रात्री नेमकी हीच शिस्त नव्हती, असं मला वाटतं.

सासूबाईंची गोष्ट एवढी मोठी नाही. कोटऱ्यापर्यंत वायू आला नाही. शहराच्या 56 वॉर्डांपैकी 36 वॉर्ड पुढे गॅसपीडित ठरले, त्यात आम्ही नव्हतो. पण पहाटे माणसं आली. पॉलिटेक्निकच्या चढावरून, रोशनपुऱ्यावरून, टी. टी. नगरातून लोक चालत, स्कूटरवर, ट्रकमध्ये मिळेल तिकडे येत होते. आमच्या पायरीवर एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली. त्याचे डोळे सुजून मिटलेले. सासूबाईंनी चहा केला, मुलाला शाल दिली. थंडीचे दिवस, गार पाणी डोळ्याला कशाला लावा, म्हणून टॉवेलनं त्याचे डोळे पुसत राहिल्या. कोरड्या टॉवेलनं. मूल ओरडत होतं आणि त्या पुसत होत्या. मग एक जीप आली, मायलेकांना हमिदियाला घेऊन गेली. पुढे काही कळलं नाही.

झोंबलेला डोळा चोळायचा नाही, वाहत्या पाण्यानं सावकाश धुवायचा, हे आठ-दहा दिवसांनी त्यांना कळलं. आमच्याकडे पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. माठाच्या तोंडावर गाळायचं फडकं तेव्हाही ओलंच टांगलेलं होतं. "हाताच्या अंतरावर होतं गं," असं त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं, आणि नंतर अनेकदा. मी दर वेळी तेच उत्तर देते की तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दर वेळी त्या मान हलवतात.

सरकारनं पहिल्यांदा सांगितलं ते पंधरा दिवसांनी. कारखान्यात उरलेलं मिक वापरून संपवायचं ठरलं, 16 डिसेंबरला काम सुरू झालं. शास्त्रज्ञ वरदराजन यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामाला 'ऑपरेशन फेथ' नाव दिलं होतं. कुंपणाला ओल्या तरटांचे पडदे, वरून हेलिकॉप्टरनं पाण्याचा शिडकावा. म्हणजे पाण्याचा उपयोग आता सगळ्यांना माहीत झाला होता. मुख्यमंत्री अर्जुन सिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले. पण नावातला विश्वास कुणाजवळ उरला नव्हता. लाखो लोक गाव सोडून गेले. सासूबाई पण सासऱ्यांना एकटं ठेवून मुलांसह नागपूरला गेल्या.

कायदा बदलायला 1987 साल उजाडलं. मधे दिल्लीत 4 डिसेंबर 1985 ला श्रीराम कारखान्यातून ओलियम गळलं आणि त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1986 साली सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याला कसलीही सबब नाही. 1987 मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण घातलं गेलं. मी 41-ख हे कलम दोन-तीनदा वाचलं. कारखानदारानं धोक्यांची आणि त्यावरच्या उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या जनतेला द्यायची. आपत्कालीन योजना तयार करायची, आणि अपघात झाला तर कोणती काळजी घ्यायची हे कामगारांबरोबर त्या जनतेलाही कळवायचं. लोखंड्यांच्या अर्जाला शंभर वर्षं होऊन गेल्यावर कारखान्याच्या कायद्यात भिंतीबाहेरचा माणूस आला. पुढच्याच कलमांत कामगारालाही हक्क दिला की डोळ्यांपुढे धोका दिसत असेल तर त्यानं बोलावं आणि वरच्यानं लगेच बघावं. 1989 च्या रसायनांच्या नियमांनी आतली रंगीत तालीम सहा महिन्यांतून एकदा आणि बाहेरच्या वस्तीसकटची वर्षातून एकदा ठरवून दिली. आपल्या भोपाळात त्याच 1987 साली आपत्ती व्यवस्थापन संस्थाही निघाली, पर्यावरण परिसरात आहे ती.

हे मी लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, आमच्याकडे तालीम होते. तारीख आधी कळवतात. अकराला भोंगा, सव्वाअकराला चहा."

"आणि भिंतीबाहेर?"

बाहेर चहाच्या टपऱ्या आहेत, पंक्चरवाला आहे, मागे मजुरांच्या खोल्या आहेत. त्यांना भोंगा ऐकू येतो. त्यांना वाटतं पाळी सुटली.

लेकीचा एक गुण मला आवडतो. ती वाद घालत नाही, काम काढते. दुसऱ्या आठवड्यात तिनं आपल्या ताब्यातली पेटी उघडून सगळं बाहेर काढलं. डोळे धुवायच्या द्रावणाची मुदत संपलेली होती, कात्री नव्हती आणि कुणाचा तरी मोबाइलचा चार्जर आत होता. द्रावण आणि कात्री मागवली. आपत्कालीन योजनेत या टपऱ्यांना सांगायचं काम कुणाचं आहे, असं तिनं सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांनी जाडजूड फाइल काढली. फाइल इंग्रजीत होती, त्यावर सह्या-शिक्के बरोबर होते.

मग एका रविवारी आम्ही तिघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. कारखान्यात कोणकोणती रसायनं आहेत, कोणत्या रसायनावर पाणी चालतं आणि कोणत्यावर नाही, हे लेक सांगत होती, कारण प्रत्येक वायूला ओलं फडकं हा उपाय नसतो. मी हिंदीत सोपी वाक्यं करत होते. लांब भोंगा म्हणजे काय, तुटक भोंगा म्हणजे काय, वारा कसा बघायचा, कुठल्या रस्त्यानं जायचं, डोळ्याला लागलं तर काय, कुणाला फोन. सासूबाई चष्मा लावून ऐकत होत्या. मी 'आँखें पानी से धोएँ' असं लिहिलं तर म्हणाल्या, "त्याच्या आधी लिही, मलना नहीं. मोठ्या अक्षरात लिही."

तसं लिहिलं. एका पानात बसलं. लेकीनं ते सोमवारी नेऊन दिलं. दीड महिना झाला, ते मंजुरीसाठी वर गेलं आहे. टपरीवाल्याला मात्र तिनं तोंडी सांगून टाकलंय, आणि तो आता रोज तिला भोंग्याबद्दल काहीतरी विचारतो.